द्राक्षकन्येच्या पलीकडे

इराण म्हणजे गुलाब, बुलबुल आणि मद्याचा चषक, अशी आपल्या सुशिक्षितांचीही समजूत असते. तिचे मूळ बव्हंशी फिट्झजेराल्डच्या १८५९ मधील इंग्रजी अनुवादात आहे. सुट्या रुबाया त्याने एका दिवसाच्या कथेत ओवल्या. १०७९ च्या जलाली पंचांगाच्या रचनेत सहभागी असलेला गणिती खय्याम लोकांच्या लेखी केवळ विलासी उरला.

माधव जूलियनांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या. १९३१ ची ‘द्राक्षकन्या’ मात्र फिट्झजेराल्डवरून केली. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिलीत कथेची गोडी नाही, पण प्रत्येक रुबाई स्वतंत्र उभी राहते.

संकठा घाट ज्या काशीत आहे, तेथेच इस्फहानचा कवी शेख अली हजीन १७६६ मध्ये चिरविश्रांत झाला. अशा आप्ताची ओळख तिऱ्हाइताच्या तर्जुम्यावरून का करून घ्यावी?