द्वंद्वखेळ आणि स्वनिर्मित नियंत्रक : साधनविचारातील एक प्रश्न

१

संगीताच्या चर्चेत राग, बंदिश आणि घराणे यांविषयी विपुल लिहिले जाते. तंबोऱ्याच्या जवारीविषयी क्वचितच. जवारी बिघडली म्हणजे मात्र तिची आठवण होते. साधनाची अशीच उपेक्षा व्हिडिओ खेळांच्या अभ्यासातही आढळते. पडद्यावरील चित्र, कथानक आणि नियमांची रचना यांची चिकित्सा होते. परंतु खेळाडूच्या मांडीवर असलेली पेटी, जिच्यावाचून यांपैकी एकाही गोष्टीला चलन मिळत नाही, ती केवळ यांत्रिक उपकरण म्हणून बाजूला राहते.

ज्या खेळप्रकारात ही उपेक्षा विशेष खटकते तो द्वंद्वखेळ होय. दोन खेळाडू, दोन पात्रे, ठरावीक अवधी आणि प्रतिस्पर्ध्याचे बळ संपविणे हे एकच उद्दिष्ट, अशी याची आटोपशीर चौकट आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीची ‘स्ट्रीट फायटर’ ही मालिका हे त्याचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणावे लागेल. या खेळांचे अनेक निष्ठावंत खेळाडू बाजारात तयार मिळणाऱ्या नियंत्रकावर समाधान न मानता लाकडाची अथवा ॲक्रिलिकची पेटी करतात, तीत दांडा आणि बटणे बसवितात, तारा जोडतात आणि स्वतःचा नियंत्रक घडवितात.

या घडणीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ आहेत. एका मतानुसार ती निव्वळ हौस आहे. कौशल्य खेळाडूत असते, साधनात नव्हे. दुसऱ्या मतानुसार आर्केडमधील मूळ यंत्र हेच प्रमाण असून त्यापासून दूर जाणारे प्रत्येक साधन ही एक प्रकारची लबाडी आहे. ही दोन्ही मते अपुरी आहेत, आणि त्यांचा अपुरेपणा एकाच कारणातून उद्भवतो. साधनामुळे जी अडचण निर्माण होते तिच्यातील दोन भिन्न घटक त्यांनी वेगळे केलेले नाहीत. पहिला घटक पदार्थाचा विरोध हा होय : घर्षण, विलंब, शरीराची गैरसोय. दुसरा घटक निवडीचे मोल हा होय : एक गोष्ट करावयाची तर दुसरी सोडावी लागते, हे बंधन. नियंत्रक घडविणाऱ्याने पहिला घटक शक्य तितका क्षीण करावा, दुसऱ्यास धक्का लावू नये, ही कसोटी येथे मांडावयाची आहे.

२

प्रथम मूळ यंत्राच्या प्रामाण्याचा विचार करणे इष्ट होईल. १९८७ साली ‘स्ट्रीट फायटर’ आर्केडमध्ये आला तेव्हा त्याच्या यंत्राचा एक प्रकार असा होता, की त्यावर दांड्याबरोबर दोन मोठ्या गाद्या बसविलेल्या असत. एक ठोशासाठी, दुसरी लाथेसाठी. गादीवर आघात जितका जोराचा, तितका पडद्यावरील आघातही जोराचा. दुसऱ्या प्रकारात गाद्यांच्या जागी सहा बटणे आली : ठोशाची तीन आणि लाथेची तीन, हलका, मध्यम आणि जड. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये ही सहा बटणांचीच मांडणी स्थिर झाली.

वरवर पाहता हा यंत्राच्या सोयीचा बदल वाटेल. वस्तुतः तो अर्थाचा बदल होता. गादीवरील खेळात तळहाताचे बळ मोजले जात होते. बटणांच्या खेळात बळाचे रूपांतर निवडीत झाले. हलका ठोसा सामान्यतः लवकर पोचतो पण थोडी इजा करतो. जड ठोसा अधिक इजा करतो, परंतु त्याला वेळ लागतो आणि तो वाया गेला तर मारणारा उघडा पडतो. ‘किती जोराने?’ या प्रश्नाची जागा ‘कोणता, आणि केव्हा?’ या प्रश्नाने घेतली. मूळ यंत्राचा हवाला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे, की गादी हीदेखील मूळच होती. जे टिकले ते प्राचीन म्हणून टिकले नाही, तर शरीराचे बळ बाजूस सारून त्याने निवडीला वाव दिला म्हणून टिकले.

दिशांच्या सूचनांतही हेच तत्त्व दिसते. या मालिकेत प्रतिस्पर्ध्यापासून दूर, म्हणजे मागे, दांडा धरला की बचाव होतो. ‘शोर्युकेन’ हा वर उसळणारा ठोसा मारावयाचा तर दांडा पुढे, खाली, आणि मग खाली-पुढे असा फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. अर्थात् बचावाची दिशा सोडल्यावाचून हा प्रहार होत नाही. गाईल या पात्राचा ‘सॉनिक बूम’ करावयाचा तर दांडा काही काळ मागे धरून ठेवावा लागतो आणि नंतर पुढे ढकलून ठोसा द्यावा लागतो. येथे संयम ही प्रहाराची पूर्वअट आहे, आणि प्रहार हा संयमाचा क्षणिक त्याग आहे. हाताची हालचाल ही अशा रीतीने पात्राच्या स्थितीचे भाष्य बनते.

या भाष्याचा परमोत्कर्ष २००४ साली कॅलिफोर्नियात भरलेल्या ‘एव्हो’ स्पर्धेत दिसून आला. खेळ होता ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ (१९९९). दाइगो उमेहारा यांच्या केन या पात्राचे बळ इतके संपलेले होते, की जस्टिन वाँग यांच्या चुन-लीचा महाप्रहार नुसता अडविला असता तरी त्याच्या घासण्याने केन पडला असता. उमेहारांनी त्या प्रहारातील १५ आघात एकामागून एक परतविले आणि डाव जिंकला. आघात परतविण्यासाठी त्या खेळात नेमक्या क्षणी दांडा पुढे, म्हणजे आघाताच्याच दिशेने, टेकवावा लागतो; क्षण चुकला तर बचाव नाही. त्या प्रसंगाचे मोल बोटांच्या चपळाईत जितके आहे, त्याहून अधिक १५ वेळा बचाव सोडण्याच्या निर्णयात आहे.

३

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळता येईल. स्वनिर्मित नियंत्रकाचे भाग थोडे आहेत, परंतु त्यांतील प्रत्येकाची निवड हा खेळाचा एक अन्वय ठरतो.

दांडा हा त्यांतील पहिला. जपानमधील सान्वा देन्शी या कंपनीचा जेएलएफ हा दांडा फार प्रचलित आहे. त्याच्या बुडाशी चार बाजूंना चार मायक्रोस्विच असतात. मध्ये स्प्रिंग, वर ३५ मि.मी. व्यासाचा गोळा, आणि खाली हालचालीला मर्यादा घालणारी प्लॅस्टिकची चौकट. ही चौकट मुळात चौकोनी असते. तिच्या चार कोपऱ्यांत चार तिरप्या दिशा सापडतात. अष्टकोनी चौकटही मिळते. तीत आठही दिशांना खाच असल्याने नवख्या हाताला आधार वाटतो. कोरियात ‘टेकेन’ या खेळाच्या अनुषंगाने रूढ झालेल्या दांड्यांत स्प्रिंगऐवजी रबराचे कडे असते. त्यामुळे दांडा ताठ राहतो आणि सोडताच झटकन मध्यावर परततो. पुढे-मागे त्वरेने सरकण्यावर ज्या खेळाचा भर, त्याला हा ताठपणा मानवतो. जेथे दांडा वर्तुळाकार फिरवावा लागतो तेथे पुष्कळांना स्प्रिंगची मऊ चाल बरी वाटते. कोणता दांडा घ्यावा या प्रश्नाचे उत्तर देताना कारागीर नकळत त्या खेळात गतीचे स्वरूप काय आहे, या प्रश्नाचेच उत्तर देत असतो.

बटणांचेही तसेच. जपानी धाटणीची ३० मि.मी.ची बटणे अल्प दाबाने लागतात. अमेरिकन आर्केडमधील खोलगट बटणांना अधिक दाब लागे. मांडणीत सहा बटणांच्या दोन सरळ ओळी ठेवाव्यात की बोटांच्या असमान लांबीस अनुसरून त्यांना बाक द्यावा, हा प्रश्न कागदावर हात ठेवून, बोटांची टोके आखून सोडवावा लागतो. पेटी हलकी असली तर झटापटीत मांडीवरून सरकते. जड असली तर मनगटाची उंची बिघडते. या सर्व ठिकाणी पदार्थाचा विरोध कमी करणे एवढेच काम असते, आणि ते निःशंक मनाने करावे.

विद्युत् जोडणीचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक खटक्याची एक तार सर्वांच्या सामाईक तारेला मिळते, दुसरी बोर्डावरील आपापल्या जागी जाते. खटका दाबला की मंडल पूर्ण होते. पूर्वी पुष्कळदा एखादा तयार गेमपॅड उघडून त्याच्या बोर्डावर तारांना डाख दिला जाई. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलर किमतीला बाजारात आला, आणि त्यावर चालणारे जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर उपलब्ध झाल्यावर ही कला अल्प खर्चात साध्य झाली. बहुतेक द्वंद्वखेळ सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चालतात. म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.६७ मिलिसेकंद मिळतात. बोर्डाने सूचना पोचविण्यास विलंब लावला तर खेळाडूने योग्य क्षणी घेतलेला निर्णय अयोग्य क्षणी उमटतो. असा विलंब दूर करणे हे निर्णयाला न्याय देणे होय.

४

कसोटीचा खरा कस लागतो तो दांडाविरहित नियंत्रकाच्या बाबतीत. यात दांडा नसतोच. डावे, खाली आणि उजवे यांसाठी तीन बटणे डाव्या हाताच्या बोटांखाली, आणि वर जाण्यासाठी एक मोठे बटण अंगठ्याखाली असते. दांडा मागून पुढे नेताना मध्य ओलांडावा लागतो. बटणांत हे अंतरच उरत नाही. येथवर आक्षेपास जागा नाही. अंतर हा पदार्थाचा विरोध आहे. तो गेला तर खेळाची हानी नाही.

परंतु दांडा एका वेळी पुढे आणि मागे असू शकत नाही; दोन बटणे मात्र एकाच वेळी दाबता येतात. अशा वेळी काय मानावे हे कारागिराने फर्मवेअरमध्ये ठरवावे लागते. दोन्ही सूचना रद्द मानता येतात. किंवा जी शेवटी आली ती ग्राह्य धरता येते. दुसरी रीत पत्करली तर गाईल खेळणारा मागचे बटण धरूनच ठेवतो, पुढचे क्षणभर टेकवून ‘सॉनिक बूम’ सोडतो, आणि बोट उचलताच बचाव आपोआप परत येतो. बचाव सोडण्याचा व पुन्हा धरण्याचा निर्णय त्याने घेतलाच नाही. तो पेटीने त्याच्या वतीने घेतला. पहिल्या रीतीत पुढची सूचना उमटण्यासाठी मागचे बटण खरोखरच सोडावे लागते, आणि पुढे जाण्याचे मोल राखले जाते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. २०१९ साली उमेहारांनी वापरावयास घेतलेला अशा धर्तीचा एक नियंत्रक कॅपकॉमच्या स्पर्धामालिकेत नियमबाह्य ठरविण्यात आला. २०२३ साली, ‘स्ट्रीट फायटर ६’ च्या आगमनाबरोबर, त्याच मालिकेच्या नियमांत परस्परविरुद्ध दिशांपैकी एकीला नियंत्रकाने झुकते माप देऊ नये असा दंडक घालण्यात आला. दांडाविरहित नियंत्रकावर मात्र सरसकट बंदी आली नाही. नियमकर्त्यांनी आकार निषिद्ध ठरविला नाही, निवडीचे मोल बुडविणारा गुण तेवढा निषिद्ध ठरविला. ही रेषा योग्य ठिकाणी ओढली गेली असे म्हणावयास हरकत नाही.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की साधनाचे महत्त्व येथे अतिरंजित केले आहे. २०१४ च्या ‘एव्हो’ स्पर्धेत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’ चे विजेतेपद लूफी या नावाने खेळणाऱ्या फ्रेंच खेळाडूने पहिल्या प्लेस्टेशनच्या साध्या गेमपॅडवर मिळविले. मग पेटीचा हा खटाटोप कशासाठी? या उदाहरणाने एवढेच सिद्ध होते, की सर्व हातांना एकच साधन श्रेष्ठ नसते. त्या पॅडने त्या खेळाडूच्या अंगठ्याला विरोध केला नाही. पेटी घडविणाराही आपल्या हातासाठी नेमके हेच साधू पाहतो. साधन गौण असते ते जुळले तेव्हा. जुळविण्यापूर्वी ते गौण नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांचे हात सर्वसाधारण रीतीने चालत नाहीत त्यांच्यासाठी निवड आणि विरोध हा भेद कसा करावा? कठीण सूचना देणे हीच त्यांची मुख्य अडचण असेल, तर ती सुलभ करणारे साधन अन्यायाचे मानावे काय? ब्रॉलीलेग्ज या नावाने ख्यात झालेले अमेरिकन खेळाडू माइक बेगम साधा गेमपॅड तोंडाने व चेहऱ्याने हाताळून ‘स्ट्रीट फायटर’ खेळत. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने काढलेल्या अनुकूलनक्षम नियंत्रकाला ३.५ मि.मी.च्या खाचांतून नाना प्रकारचे खटके जोडता येतात. पाय, कोपर, डोके यांपैकी जे चालते त्याने खेळता यावे अशी त्याची योजना आहे. या सर्व प्रयत्नांत निवडीला कोठेही धक्का लागत नाही. कोणत्या अवयवाने बचाव सोडला हा प्रश्न अप्रस्तुत आहे. सोडला की नाही, एवढाच प्रश्न आहे. किंबहुना विरोध हटविण्याचे कर्तव्य येथे सर्वाधिक निकडीचे ठरते, कारण तो न हटविल्यास निर्णयाचा अधिकारच नाकारला जातो.

सूचना सोपी करावयाचीच असेल तर ते काम खेळाच्या नियमांनी उघडपणे करावे. ‘स्ट्रीट फायटर ६’ मधील ‘मॉडर्न’ पद्धतीत एका बटणाने विशेष प्रहार करता येतो, परंतु असा प्रहार २० टक्के कमी इजा करतो. सुलभता येथे दोन्ही पक्षांना ठाऊक असलेली, मोल देऊन घेतलेली निवड आहे. पेटीतील गुप्त सवलत आणि नियमातील जाहीर सवलत यांत हाच फरक आहे.

६

सारांश, स्वनिर्मित नियंत्रक ही हौसेची वस्तू नव्हे आणि मूळ यंत्राची प्रतिमापूजाही नव्हे. तो खेळाचा एक अन्वयार्थ आहे. खेळात काय यांत्रिक आणि काय अर्थपूर्ण, याचा निवाडा कारागीर शब्दांनी न करता छिद्रांच्या जागा, स्प्रिंगचा ताण आणि फर्मवेअरमधील एखादी ओळ यांनी करीत असतो. हा निवाडा चुकूही शकतो, आणि म्हणूनच तो समीक्षेचा विषय होतो. चांगली पेटी खेळाडूच्या हाताला तो निर्णय उमटविण्यास मोकळे करते. त्याच्या वतीने निर्णय घेत नाही. द्वंद्वखेळांच्या अभ्यासकाने पडद्याबरोबर या पेटीचेही झाकण उघडून पाहिले, तर खेळाच्या अर्थाचा बराचसा भाग त्याला तेथे, तारांच्या जोडणीत, सापडेल.