‘गतिशीलता’ या संकल्पनेची चिकित्सा : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

कामासाठी देश सोडणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडील शासकीय आणि शास्त्रीय लेखनात तीन शब्द आलटूनपालटून योजिले जातात : उत्प्रवास, पुरवठा आणि गतिशीलता. ही एकाच घटनेची तीन नावे होत, असा समज आहे. वस्तुतः प्रत्येक शब्द त्या घटनेचा एक भाग उजेडात आणतो आणि दुसरा झाकतो. धानाची कापणी आटोपली आणि तेंदूपत्त्याचा अल्प हंगाम सरला की गोंदिया जिल्ह्यातील अनेक भूमिहीन कुटुंबांना कामासाठी बाहेर पडावे लागते. या जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. म्हणूनच तेथून या शब्दांना तीन प्रश्न विचारणे योग्य ठरेल : नेतो कोण, खर्च कोणाचा आणि परतीचे काय?

‘उत्प्रवास’ हा शब्द १९८३ च्या अधिनियमाचा. नोकरीच्या हेतूने भारताबाहेर प्रस्थान, हा त्याचा अर्थ. ‘नेतो कोण’ या प्रश्नाला हा अधिनियम स्पष्ट उत्तर देतो : भरती करणाऱ्या अभिकर्त्याने नोंदणी केलीच पाहिजे, आणि भरतीची जाहिरात देणे हीसुद्धा भरतीच होय. तथापि संरक्षणाची रेषा त्याने विचित्र ठिकाणी आखली. आखाती देशांसह अठरा देशांत जाणाऱ्यास उत्प्रवास-मंजुरी लागते. परंतु परिचारिकांसारखे अपवाद सोडल्यास दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती लागत नाही. म्हणजे काम किती धोक्याचे आहे हे न पाहता गुणपत्रिका पाहावयाची. गोरेगाव किंवा सालेकसा तालुक्यातील तरुण शाळेत जितका पुढे जाईल, तितका तो या छत्राबाहेर पडेल. बांधकामावरील त्याचे काम मात्र तेच राहील.

‘पुरवठा’ या शब्दाचे अलीकडील उदाहरण २०२४ चे आहे. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरविण्याची योजना महाराष्ट्र शासनाने हाती घेतली. भाषाशिक्षणाची सोय शासनाने करावयाची, ही तिची जमेची बाजू मान्य केली पाहिजे. आक्षेप आहे तो शब्दाला. धानाचा पुरवठा म्हणजे काय, हे गोंदियाला सांगावे लागत नाही. तेथे वजन होते, ओलावा तपासला जातो, हमीभाव असतो आणि पावती मिळते. मनुष्यबळाच्या बाबतीत तपासणी तेवढी उरते. हमीभाव आणि पावती या शब्दांत कोठेच नाहीत. रूपक घ्यावयाचे तर ते पुरते घ्यावे.

तिसरा शब्द सर्वांत प्रतिष्ठित. १९८३ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ साली जो मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच ‘परदेशी गतिशीलता’ आली. बिरसी विमानतळावरील उड्डाण प्रशिक्षण संस्थेतून परवाना घेऊन निघालेल्या वैमानिकाला हा शब्द शोभतो. त्याचे कौशल्य त्याच्या खिशात असते. एक मालक सोडून दुसरा तो निवडू शकतो. परंतु ज्याचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला आहे आणि प्रवासासाठी ज्याने कर्ज काढले आहे, त्याला ‘गतिशील’ म्हणणे म्हणजे ढकललेल्या गाडीला चालक ठरविणे होय. या शब्दात कर्ता एकच, जाणारा. नेणारा अदृश्य होतो.

खर्चाच्या प्रश्नावर हा दोष अधिकच उघडा पडतो. भरतीचे शुल्क श्रमिकाकडून घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या कराराचे सामान्य तत्त्व. भारताने तो स्वीकारलेला नाही. आपल्या नियमांनी अभिकर्त्याला ३०,००० रुपयांपर्यंत सेवाशुल्क घेण्याची मुभा दिली आहे. देशांतर्गत स्थलांतरातही हीच दिशा दिसते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमात विस्थापन-भत्ता होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेत प्रवासभत्ता राहिला, विस्थापन-भत्ता गळाला. घर सोडण्यालाही किंमत असते, ही कबुली त्याबरोबर गेली.

‘गतिशीलता’ टाकून द्यावी, असा या विवेचनाचा आशय नाही. मात्र ती अभ्यासाची मूळ संकल्पना होऊ शकत नाही. तो मान ‘भरती’ या साध्या, जुन्या शब्दाचा आहे. कारण तो उच्चारताच भरती करणारा समोर उभा राहतो आणि त्याला खर्चाचा व परतीचा जाब विचारता येतो. संशोधकाने प्रथम तो विचारावा. गतीचे मोजमाप त्यानंतर करावे.