समाधानाचे गुण आणि न दिसणारे काम : औद्योगिक मानसशास्त्रातील पदव्युत्तर संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवडीचा विषय आहे. मानसशास्त्राबरोबरच व्यवस्थापन, वाणिज्य व समाजकार्य या शाखांतही कार्यसमाधान, संस्थेशी बांधिलकी, कार्यताण, बर्नआउट अशा शीर्षकांचे लघुप्रबंध दरवर्षी सादर होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवले जाऊ लागले. त्यामुळे हे लेखन वडोदरा, इंदूर वा हैदराबाद येथील वाचकालाही आज सहज उपलब्ध आहे.

असे प्रबंध एकापाठोपाठ एक वाचले की त्यांची ठरावीक बांधणी ध्यानात येते. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, तयार प्रश्नावलीची माहिती, कोष्टके आणि शेवटी व्यवस्थापनासाठी शिफारशी. या पाच प्रकरणांत कामगाराला मिळालेले गुण सापडतात, त्याचे काम सापडत नाही. तो किती वाजता येतो, कोणाच्या हाताखाली राबतो, त्याचा पगार कंपनी देते की ठेकेदार, यंत्र बंद पडले तर तो कोणाकडे जातो, हे वाचकाला कळत नाही. या उणिवेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने हा विषय आता अधिक जवळचा झाला आहे. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करता येते. ही रचना जेथे लागू आहे तेथे मार्गदर्शनाची जबाबदारी विद्यापीठ विभागांपुरती राहिलेली नाही. आज विभागांत रुळलेला साचा उद्या महाविद्यालयांत उतरेल.

पाठ्यपुस्तकातून आलेला वारसा

या साच्याची सुरुवात दुसऱ्या प्रकरणातच होते. मास्लोच्या गरजांचा पिरॅमिड बहुतेक प्रत्येक आढाव्यात असतो. मास्लो यांच्या १९४३ च्या मूळ निबंधात मात्र असा पिरॅमिड नाही. ती आकृती मास्लो यांनी काढलेली नसून व्यवस्थापनविषयक लेखनातून पुढे आली, हे ब्रिजमन, कमिंग्ज व बॅलार्ड यांनी २०१९ साली दाखवून दिले. हर्झबर्ग यांचा द्विघटक सिद्धान्त १९५९ चा. तो अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर उभा आहे. रुग्णालयातील सफाई कामगारांना तो लावताना ही गोष्ट विद्यार्थ्याने किमान नोंदवली पाहिजे. पुष्कळदा ती नोंदही नसते.

हॉथॉर्न प्रयोगांचीही हीच गत आहे. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांचा सारांश ‘लक्ष दिले की उत्पादन वाढते’ अशा एका वाक्यात दिला जातो. प्रत्यक्षात १९२७ साली सुरू झालेल्या रिले जोडणी कक्षात मोबदल्याची पद्धत बदलण्यात आली होती. शिवाय जानेवारी १९२८ मध्ये दोन कामगार स्त्रियांना कक्षातून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणण्यात आल्या. कामात फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, अशी पहिल्या दोघींविषयी तक्रार होती. म्हणजे ज्यांना ‘आनंदी गट’ म्हटले गेले, त्यातून नाराज माणसे आधीच वगळली गेली होती. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर १९६७ साली अॅलेक्स केरी यांनी कठोर टीका केली. प्रकाशयोजनेच्या मूळ आकड्यांची लेव्हिट व लिस्ट यांनी २०११ साली फेरतपासणी केली, तेव्हा प्रचलित कथेला त्यांत फारसा आधार मिळाला नाही. विद्यार्थी ही कथा जशीच्या तशी लिहितो, कारण त्याला हे सारे कोणी सांगितलेले नसते.

साधन कोणासाठी?

प्रत्येक प्रश्नावलीला स्वतःचे घर असते. मॅस्लॅक व जॅक्सन यांची बर्नआउटची १९८१ ची मापनश्रेणी परिचारिका, शिक्षक, समाजसेवक अशा माणसांची सेवा करणाऱ्या व्यवसायांसाठी बनली होती. इतर व्यवसायांसाठी तिची वेगळी आवृत्ती १९९६ साली निघाली. बेळगावातील फाउंड्रीच्या कामगाराला पहिलीच आवृत्ती दिली, तर ‘ज्यांची सेवा करता ती माणसे’ म्हणजे कोण, असा प्रश्न त्याला पडेल. साचे भरणाऱ्यासमोर वाळू असते, सेवार्थी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटचा समावेश कामाशी संबंधित घटना म्हणून केला, आजार म्हणून केला नाही. तरीही प्रबंधांतून ‘इतके टक्के कर्मचारी बर्नआउटने ग्रस्त’ अशी रोगनिदानासारखी वाक्ये येतात.

याला दिले जाणारे नेहमीचे उत्तर म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा गुणांक. १९५१ पासून रूढ झालेला हा गुणांक ०.७० च्या वर आला की साधन निर्धोक मानले जाते. परंतु प्रश्नावलीतील विधाने परस्परांशी किती जुळतात एवढेच तो सांगतो. ती विधाने नेमके काय मोजतात, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात नाही. सगळ्या प्रश्नांना ‘साहेब बघतील’ या धास्तीने एकसारखी उत्तरे मिळाली, तरी अल्फा उत्तमच येईल.

भाषेचा प्रश्न

मराठी भाषांतरात ही अडचण आणखी वाढते. ‘समाधान’ हा शब्द मराठीत सद्गुणाचा शब्द आहे. समाधानी असणे म्हणजे हाव नसणे. संतवाणीने आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी हा अर्थ मनात रुजवलेला असतो. ‘तुम्ही पगाराबाबत समाधानी आहात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे अनेकांना स्वतःच्या संस्कारांविरुद्ध साक्ष दिल्यासारखे वाटते. दखनी बोलणाऱ्या कामगाराच्या तोंडी अशा वेळी ‘शुक्र है’ येते. त्या शब्दांत ईश्वराविषयीची कृतज्ञता असते, मालकाविषयीचे मत नसते. कोष्टकात मात्र दोन्ही उत्तरे ‘उच्च कार्यसमाधान’ या रकान्यात जाऊन बसतात.

नकारार्थी विधानांचेही तसेच. मौडे, स्टीअर्स व पोर्टर यांच्या १९७९ च्या बांधिलकी प्रश्नावलीत १५ पैकी ६ विधाने उलट गुणांकनाची आहेत. ‘ही नोकरी सोडावी असे मला वाटत नाही’ असे एखादे विधान वाचून मराठी माणूस ‘नाही वाटत’ असे उत्तर देतो. हे ‘नाही’ सहमतीचे, पण घाईत खूण पडते ‘असहमत’वर. ब्रिस्लिन यांनी १९७० साली पुनरानुवादाची पद्धत मांडली. तिने शब्दांची चूक पकडता येते, परंतु शब्दामागचा संस्कार पकडता येत नाही. त्यासाठी चार कामगारांसमोर बसून ‘हे वाक्य वाचून तुमच्या मनात काय आले?’ असे विचारण्यावाचून गत्यंतर नाही. बेळगाव वा गोव्यासारख्या ठिकाणी, जेथे एकाच शिफ्टमध्ये मराठी, कन्नड, कोकणी व हिंदी बोलणारे असतात, तेथे तर हे टाळून चालणारच नाही.

उत्तर कोण वाचणार?

विद्यार्थ्याला परवानगी व्यवस्थापनाकडून मिळते, कागद सुपरवायझर वाटतो आणि तोच गोळा करतो. ‘आपले नाव लिहू नये’ ही सूचना वर असतेच. पण खाली विभाग, वय, शिक्षण व सेवेची वर्षे असे रकाने असतात. चाळीस माणसांच्या युनिटमध्ये एवढी माहिती माणूस ओळखायला पुरेशी आहे. कामगाराला हे ठाऊक असते. त्याचे उत्तर मताइतकेच सावधपणाचेही असते आणि प्रबंधात त्या सावधपणाला स्थान नसते. पुढे हाच प्रबंध ‘कामगारांची बांधिलकी कमी आहे, प्रशिक्षण द्यावे’ अशी शिफारस करतो. ज्याने उत्तर दिले त्याच्यावरच दोष येतो. कामाच्या रचनेची चौकशी कोणी करीत नाही.

नमुन्यातून कोण सुटते, हाही प्रश्न आहे. हजेरीपटावरून नमुना काढला की कंत्राटी कामगार आपोआप वगळले जातात. घरी बसून विडी वळणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या स्त्रिया तर ‘संघटना’ या शब्दाच्या बाहेरच राहतात. मुस्लिम कामकऱ्यांत नियमित पगारी नोकरीचे प्रमाण कमी आणि स्वयंरोजगाराचे अधिक आहे, हे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरचे काम या प्रकारचे आहे. त्यांच्या संशोधनात मात्र ते काम येत नाही, कारण त्यासाठी छापील प्रश्नावली मिळत नाही.

अहमदाबादचे उदाहरण

याहून वेगळे संशोधन भारतात होऊन गेले आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते आणि कापडातील दोष कमी होत नव्हते. राइस यांनी आधी काम पाहिले. त्या खात्यात २२४ माग होते, २९ कामगार होते आणि त्यांच्यात १२ प्रकारची कामे वाटलेली होती. विणणारा, तुटलेले धागे जोडणारा, तेल देणारा, झाडणारा, प्रत्येकाच्या वाट्याला मागांची संख्या वेगळी. त्यामुळे एका मागासाठी राबणारी माणसे एकमेकांचा गट होऊ शकत नव्हती.

काही मागांची पूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, ही कल्पना पुढे येताच सुपरवायझर व कामगारांनी ती उचलली आणि गट स्वतःच जुळवले. सुरुवातीच्या चढउतारानंतर उत्पादन वाढले व दोष घटले. राइस यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० साली त्याच गिरणीची पुन्हा पाहणी केली व निष्कर्ष १९७५ साली छापले. एका खात्यात गटपद्धती बहुतांशी टिकून होती, इतर ठिकाणी ती मागे सरली होती. हे अपयशही त्यांनी नोंदवले, ही बाब महत्त्वाची.

राइस गिरणीच्या व्यवस्थापनाबरोबर काम करीत होते, ही मर्यादा नजरेआड करता येणार नाही. तरीही त्या २९ जणांना समाधानाची प्रश्नावली दिली असती, तर ‘मनोबल कमी’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. दोष कामाच्या वाटणीत आहे, हे काम पाहिल्यामुळेच कळले.

मार्गदर्शकांसाठी काही सूचना

विद्यार्थ्याच्या अडचणी खऱ्या आहेत. वेळ एका-दोन सत्रांचा, कारखान्याचे फाटक सहज उघडत नाही, आणि आकडे असलेला प्रबंध तोंडी परीक्षेत सुरक्षित वाटतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनंतर शब्दसाम्य दहा टक्क्यांच्या आत ठेवण्याकडे लक्ष असते. उसने घेतलेले साधन या मातीत बसते की नाही, हे कोणतेही संगणकीय साधन तपासत नाही. ते काम मार्गदर्शकाचे आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी कोणत्याही महाविद्यालयात शक्य आहेत.

१) प्रश्नावली निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने एका कामाचे दहा पानी वर्णन लिहावे : वेळ, मोबदला, हाताखालची व वरची माणसे, अडथळे.

२) प्रत्येक विधान किमान पाच उत्तरदात्यांसमोर मोठ्याने वाचून त्यांनी लावलेला अर्थ नोंदवावा.

३) भरलेले कागद सुपरवायझरच्या हाती जाऊ नयेत. ओळख पटेल असे रकाने गाळावेत.

४) किती जणांनी उत्तर नाकारले, कोणते प्रश्न कोरे राहिले, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

५) शिफारशी व्यवस्थापनाला करायच्या असतील, तर निष्कर्ष उत्तरदात्यांनाही त्यांच्या भाषेत सांगावेत.

समारोप

दोनशे कागदांच्या प्रबंधापेक्षा बारा माणसांच्या कामाचा नीट लिहिलेला अभ्यास विद्यार्थ्याला अधिक शिकवतो. मापनाला विरोध करण्याचे कारण नाही, पण काय मोजायचे ते आधी ठरले पाहिजे आणि ते कामाकडे पाहूनच ठरते. कामगाराने आपल्या जेवणाच्या सुटीतील वीस मिनिटे विद्यार्थ्याला दिलेली असतात. त्या वीस मिनिटांतून त्याच्याविषयी खरे काही लिहिले जावे, एवढी अपेक्षा त्याने ठेवणे रास्तच होय.