संशोधनाचा अधिकार आणि फलाचें स्वामित्व

श्री. अर्जुन अप्पादुराई यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका इंग्रजी लेखांत ‘संशोधनाचा अधिकार’ प्रतिपादन केला आहे. आपल्या उद्दिष्टासाठीं ज्ञानाची कक्षा पद्धतशीरपणें वाढवितां येणें ही विद्यापीठांतील मोजक्यांची मिरासदारी नसून प्रत्येक माणसाचा हक्क होय, असा त्याचा मथितार्थ. लेखास आधार आहे तो मुंबईंत त्यांच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या ‘पुकार’ या संस्थेच्या कार्याचा. तिच्या युवा-पाठ्यवृत्तींत तरुणांचे गट आपल्या जीवनांतील विषय स्वतः निवडतात आणि मुलाखत, पाहणी, नोंद शिकून आपले निष्कर्ष स्वतः मांडतात. पोथ्यांत व दप्तरांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु गांवोगांवचे रुमाल शोधण्यास विद्यार्थ्यांस धाडणारे आपणच आहोंत.

‘अधिकार’ या शब्दाचा मीमांसकांचा अर्थ येथें उपयोगी पडतो. त्यांच्या परिभाषेंत अधिकार म्हणजे फलाचें स्वामित्व. (त्यास त्यांनीं जीं जन्माचीं कुंपणें घातलीं तीं अर्थातच टाकून दिलीं पाहिजेत.) यज्ञांत ऋत्विज राबतात, दक्षिणा घेऊन मोकळे होतात, फल यजमानाचें. सत्रांत मात्र जे ऋत्विज तेच यजमान. तेथें दक्षिणा नाहीं आणि फल सर्वांचें. तरुणांकरवीं केलेलें संशोधन यज्ञ आहे कीं सत्र, एवढेंच विचारावयाचें.

आयर्लंडचें उदाहरण पाहावें. तेथील लोकवाङ्मय-मंडळानें १९३७ ते १९३९ या काळांत २६ परगण्यांतील सुमारें ५,००० प्राथमिक शाळांतून लोककथा, औषधी, सण, स्थानिक इतिहास यांचा संग्रह करविला. वरच्या वर्गांतील ५०,००० हून अधिक मुलांनीं घरच्या व शेजारच्या वृद्धांस विचारून निबंध लिहिले. विषयांची पुस्तिका शां ओ सुलवान यांनीं तयार करून दिली होती. निवडक मजकूर मोठ्या वह्यांत उतरला, मुलांच्या मूळ वह्याही बहुतांशीं जपल्या गेल्या. सांगणाऱ्याचें व लिहिणाऱ्या मुलाचें नांव पानोपानीं आढळतें. ही सचोटी आपल्याकडील कित्येक प्रकाशित पत्रसंग्रहांत नाहीं, हें कबूल करावें लागेल. तथापि प्रश्न सारे वरून आलेले. काय विचारावें, दोन वृद्धांचें म्हणणें जुळलें नाहीं तर काय मानावें, हें मुलाच्या हातीं नव्हतें. आजीजवळ बसून त्यानें ऐकलें हा लाभ खराच, आणि तो मी लहान समजत नाहीं. पण संग्रहाचें फल संग्रहालयाचें झालें. हा यज्ञ, उत्तम झालेला, पण यज्ञच.

‘पुकार’चा क्रम सत्राकडे झुकतो, कारण प्रश्नच तरुणाचा. येथें श्री. अप्पादुराई यांच्याशीं माझा मतभेद एवढाच. अधिकाऱ्याच्या अंगीं अर्थित्व, सामर्थ्य आणि विद्वत्ता हीं तीनही हवींत. पहिल्या दोहोंचा, म्हणजे आकांक्षा व क्षमता यांचा, ऊहापोह ते मोठ्या आस्थेनें करितात. तिसऱ्याविषयीं, म्हणजे पुरावा तपासण्याच्या शिस्तीविषयीं, त्यांचें लिहिणें फार आंखूड आहे. आपल्याच वस्तीविषयीं लिहिणारास आपल्याच माणसांच्या सांगण्यावर शंका घेणें सर्वांत जड जातें. ती शंका घ्यावयास शिकविलें नाहीं तर तरुणाच्या हातीं केवळ उत्साह उरतो, आणि उत्साहाला फल म्हणणें ही त्याची वंचना होय. आमच्या संग्राहकांचा दोष नेमका उलटा आहे: विद्वत्ता आपणांपाशीं ठेवावयाची आणि पायपीट विद्यार्थ्यांची.

यास्तव माझी सूचना अशी कीं, विद्यार्थ्यास रुमाल आणावयास धाडण्यापूर्वीं मोडी शिकवावी. कोणतें दप्तर आधीं वाचावें हें त्यास ठरवूं द्यावें. आणि त्यानें केलेली बाळबोध नक्कल छापतांना तिच्याखालीं त्याचें नांव, तसेंच त्यास संशयित वाटलेलीं अक्षरें, संपादकाचें मत निराळें असलें तरी, जशींच्या तशीं द्यावींत.