न निघालेला अल्बम: मुळशीच्या जात्यावरच्या ओव्या

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असाल, नाहीतर प्रपोजलच्या चौथ्या ड्राफ्टवर अडकला असाल. विषय लोकसाहित्य, स्त्री अभ्यास किंवा ग्रामीण समाजशास्त्र असेल, तर जात्यावरच्या ओव्या कुठल्यातरी प्रकरणात येणारच. आणि त्यांच्या शेजारी ‘स्त्रीजीवनाचे प्रतिबिंब’ हे शब्दही येणार. माझ्या पहिल्या आराखड्यात ते तीन वेळा होते. गाइडनी त्यावर रेघ मारली नाही, फक्त विचारलं, “यातल्या ऐकल्यास किती?”

एकही नाही. चारशे ओव्यांचं कोडिंग करून झालं होतं, एक्सेलमध्ये रंग भरून झाले होते, आणि कानावर एकही पडलेली नव्हती.

म्हणून या वेळी पुस्तकाबद्दल नाही, एका अल्बमबद्दल लिहिते आहे. अडचण एवढीच की तो अजून कुणी काढलेला नाही. त्याचं सगळं सामान मात्र कधीचं तयार आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करताना, 1980च्या दशकात, बायकांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि लिहून घेतलेल्या ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाने त्यातल्या बऱ्याच गाणाऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. शंभराहून जास्त तासांचं मुद्रण आहे. पॉइटवाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. 2017 पासून ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, हा संग्रह थोडा थोडा करून लोकांपुढे आणला: ओवी, अनुवाद, आवाज, कुठे व्हिडिओ. सगळं फुकट.

गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणी मुळशी तालुक्यातल्या. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, हे आपण विसरतो. पिंपरी-चिंचवडमध्ये राहायचं, वाकडवरून रोज आयटी पार्कला वळणाऱ्या गाड्या बघायच्या आणि ‘फील्ड’ शोधायला मात्र मेळघाट गाठायचा! (मेळघाटात जाऊ नका असं म्हणत नाही. जा. पण आधी घरामागचा डोंगर बघा.)

आता ऐकण्याबद्दल. कागदावर ओवी म्हणजे दोन ओळी, नीटनेटक्या, शेवटी यमक. गळ्यातून येते तेव्हा ती ओळ सरळ चालतच नाही. अर्धी म्हटली जाते, थांबते, मागचा तुकडा पुन्हा येतो, मध्ये ‘गं बाई’ची भर पडते, आणि तेवढ्यात दुसरी बाई तीच ओळ उचलते. हे सगळं भरताड समजून छपाईत गाळलं जातं. माझ्या मते तिथेच घोटाळा आहे. जात्याला दोघी बसल्या की खुंटा दोघींच्या हातात असतो, एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, आणि वैरण घालायला एक हात मधूनच मोकळा करावा लागतो. ओळीची मोडतोड त्या कामाच्या लयीशी बांधलेली आहे. ती गाळली की कष्ट गाळले जातात, आणि उरलेल्या दोन ओळींना आपण ‘भावकविता’ म्हणून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट चालीची. माहेरच्या कौतुकाला जी चाल, तीच सासुरवासाला, तीच रामाला आणि विठ्ठलाला. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी याच ओवीत बाबासाहेब गायले आहेत. विषय बदलला म्हणून सूर दुःखी होत नाही की आनंदी होत नाही. माझ्या एक्सेलमध्ये ‘वेदना’ नावाचा लाल रंगाचा कॉलम होता. ऐकल्यावर तो ठेवता येईना. गाणारी रडत नव्हती. ती सांगत होती, आणि सांगताना दळण पुढे सरकत होतं. ओवीत वेदना नाही असा याचा अर्थ नाही. ती कुठे आहे हे शब्दांच्या यादीवरून ठरवता येत नाही, एवढंच.

कौतुक पुरे, थोडं भांडते. हा संग्रह विषयवार लावलेला आहे: सीता, भाऊ-बहीण, आई-लेक, पंढरी. शोधायला सोय होते, नाही म्हणत नाही. पण बैठक तुटते. एका बाईने रामावरून भावावर उडी कुठे घेतली, शेजारणीने कुठली आठवण काढून दिली, हा गाण्यातला विचार विषयवार कप्प्यांत हरवतो. शिवाय ही मुद्रणं बहुतेक घरांतून जातं हटल्यानंतरची आहेत. विजेची गिरणी आली, दळण डब्यातून जायला लागलं, मग आठवणीतून गाऊन घेतलं. समोर दळण नसताना, माइक ठेवलेला असताना गायलेली ओवी आणि पहाटे अंधारात, कुणी ऐकत नाही अशा भरवशावर गायलेली ओवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात ही मर्यादा लिहा. परीक्षकाने विचारण्याआधी लिहा.

एका बाबतीत मात्र हा संग्रह छापील परंपरेच्या पुढे आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून ओव्यांची पुस्तकं भरपूर आहेत, पण छापील संग्रहांत बहुतेकदा गाणारीचं नाव सापडत नाही. ‘एक स्त्री’, ‘लोकमानस’, झालं. इथे बाईचं नाव, गाव, वय, जात, मुलं किती, काम काय, मुद्रण कधी झालं, हे सगळं दिलेलं आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेचा वनवास गातात तेव्हा ते गंगूबाईंचं गाणं असतं. संदर्भ देताना तुम्हीही तो तसाच द्यायला हवा.

अल्बमचा हट्ट कशाला, असं विचाराल. 1959 मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सने मिसिसिपीच्या तुरुंगात लाकडं फोडणाऱ्या कैद्यांचं एक गाणं मुद्रित केलं. पुढाकार जेम्स कार्टरच्या आवाजाचा. मुद्रण संग्रहात राहिलं. 2000 मध्ये ते एका हॉलिवूड सिनेमाच्या अल्बममध्ये पहिलं गाणं म्हणून आलं, 2002 मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि म्हातारा कार्टर शिकागोत शोधून काढून त्याच्या हातात रॉयल्टीचा वीस हजार डॉलरचा चेक देण्यात आला. संग्रहाने गाणं जपलं होतं, पण अल्बम निघाला तेव्हा गाणाऱ्याचा शोध घेण्याची कुणालातरी गरज पडली.

आपल्याकडे निघालाच तर मला तो असा हवा: एकच गाव, एकच बैठक, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, कापाकापी नाही, विषयांचे मथळे नाहीत. कव्हरवर गाणाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत, संकलकाचं मागे, बारीक. पैसे येतील ते आधी त्या घरांत.

तोवर काम भागवा. पारीवर मुळशीचं कुठलंही मुद्रण उघडा आणि पहिल्यांदा अनुवादाकडे बघू नका. दुसऱ्यांदा कागद घ्या, ओळ कुठे मोडते आणि दुसरा आवाज कुठे येतो तेवढ्याच खुणा करा. अर्थ तिसऱ्यांदा. वेळ नाही म्हणू नका. मी हे भोसरीहून चाकणला जाताना बसमध्ये केलं, आणि तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये एकेक मुद्रण तिन्ही वेळा ऐकून होतं.