हौशी पुनर्निर्मिती आणि हरवलेले गद्य : जुन्या ऑनलाइन भूमिका-खेळांचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

संगणकावरील खेळ हा विषय मराठी समीक्षेच्या कक्षेत अद्याप फारसा आलेला नाही. पालक-शिक्षकांच्या चर्चेत तो व्यसन म्हणून येतो, वाणिज्य शाखेत उद्योग म्हणून येतो. कलाव्यवहार म्हणून मात्र त्याची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात या खेळांच्या एका विशिष्ट प्रकाराचा विचार केला आहे. हजारो माणसे आपापल्या घरून इंटरनेटद्वारे एका कल्पित जगात प्रवेश करतात, प्रत्येक जण एक पात्र धारण करतो आणि त्या पात्राच्या रूपाने वर्षानुवर्षे इतरांशी बोलतो, लढतो, व्यापार करतो. अशा खेळांना येथे 'भूमिका-खेळ' असे म्हटले आहे. 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'एव्हरक्वेस्ट' (१९९९), 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' (२००३) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) ही या प्रकाराची ठळक उदाहरणे होत.

यांतील काही खेळ कंपन्यांनी बंद केले, तर काही इतके बदलत गेले की त्यांचे पहिले रूप ओळखू येईनासे झाले. ती जुनी रूपे खेळांचे चाहते स्वतःच्या बळावर पुन्हा उभी करीत आहेत. या पुनर्निर्मितीकडे कोणी चोरी म्हणून पाहते, तर कोणी निव्वळ स्मरणरंजन म्हणून. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रश्न नीट मांडण्यासाठी लागणारी परिभाषा मराठी नाट्यपरंपरेत, विशेषतः सांगलीच्या रंगभूमीच्या इतिहासात, तयार आहे. तिच्या आधारे हा विचार मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

'खेळ' या शब्दाचा अर्थविस्तार

मराठीत 'खेळ' हा शब्द क्रीडेसाठी वापरला जातो, तसाच नाटकाच्या प्रयोगासाठीही वापरला जातो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे असेच खेळ सांगलीत झाले. तसे नाट्य मराठीत, अधिक सुसंस्कृत रूपात उभे करावे, अशी इच्छा सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी व्यक्त केली आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सादर केले. म्हणजे मराठी रंगभूमीचा आरंभच मुळी पाहिलेला खेळ पुन्हा आपल्या रीतीने उभा करण्याच्या इच्छेतून झालेला आहे.

भाव्यांच्या नाटकांची घडण येथे महत्त्वाची आहे. आख्यानाची पद्ये रचलेली असत व ती सूत्रधार गात असे. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. प्रसंग कोणता व त्याचा शेवट काय हे ठरलेले असे. राम, रावण वा सीता यांनी काय बोलावे हे नट रंगमंचावर ऐन वेळी सिद्ध करीत. १८८५ साली भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध झाला आणि ही पद्ये टिकली. नटांनी रात्रीमागून रात्री रचलेले गद्य हवेत विरून गेले. सातारा-सांगलीच्या यात्रांतून रंगणाऱ्या वगाचीही हीच गोष्ट आहे. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या लावण्या आजही गायिल्या जातात. परंतु त्या काळच्या फडांत हजरजबाबीपणाने उमटलेली बतावणी कागदावर फारशी उतरली नाही.

भूमिका-खेळाची रचनाही अशीच दुहेरी असते. कंपनीने रचलेले नियम, नकाशे, राक्षस आणि कथानक हे त्याचे पद्य होय. खेळाडूंनी एकमेकांशी केलेले बोलणे, जुळवलेल्या टोळ्या, दिलेली वचने आणि केलेले विश्वासघात हे त्याचे गद्य होय. पुनर्निर्मितीचे मूल्यमापन करताना या दोहोंपैकी काय परत आले, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

पुनर्निर्मितीची रीत

या खेळांचे दोन तांत्रिक भाग असतात. चित्रे, ध्वनी व नकाशे यांचा भाग खेळाडूच्या संगणकावर असतो. कोणाचा वार किती लागला, कोणत्या राक्षसाने केव्हा उठावे, कोणाच्या थैलीत काय आहे, याचा निवाडा करणारा दुसरा भाग कंपनीच्या सर्व्हरवर असतो. हा भेद आपल्या विद्यार्थ्यांनी अनुभवलेला आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाईल'वर बंदी घातली आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून त्याची भारतातील सेवा थांबली. ज्यांच्या फोनमध्ये तो खेळ उतरवलेला होता, त्यांच्याकडे तो उरला नव्हता. उरले होते ते नेपथ्य. सूत्रधार निघून गेला होता.

ग्रंथ प्रकाशित झाला की त्याच्या प्रती लोकांच्या घरी जातात. सर्व्हरवरील भाग मात्र कधीच प्रकाशित होत नाही. म्हणून चाहत्यांना तो अनुमानाने नव्याने लिहावा लागतो. खेळ चालू असताना दोन्ही भागांमध्ये होणारी माहितीची देवघेव टिपून ठेवणे, जुनी पडद्यावरील चित्रे व मार्गदर्शिका तपासणे, खेळाडूंच्या आठवणी परस्परांशी ताडून पाहणे, ही त्यांची साधने होत. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. हस्तलिखितांतील पाठभेद जुळवून मूळ संहितेचा शोध घेण्याचे जे काम आपण जाणतो, त्याचाच हा एक प्रकार आहे. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. नोव्हेंबर २००५ मधील मोठ्या बदलाने त्याचे रूप आधीच पालटले होते. चाहत्यांच्या 'एसडब्ल्यूजी-एमू' या प्रकल्पाने सर्व्हर स्वतः नव्याने लिहिला आणि बदलांपूर्वीचे रूप प्रमाण मानले.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण 'एव्हरक्वेस्ट'चे आहे. हा खेळ आजही अधिकृतरीत्या चालू आहे. तरीही २००९ साली चाहत्यांनी 'प्रोजेक्ट १९९९' सुरू करून त्याचे पहिल्या काही वर्षांतील रूप उभे केले. २०१५ साली हक्कदार कंपनीने त्यांच्याशी करार केला. मूळ खेळात मंत्रशक्ती परत मिळवण्यासाठी पात्राला बराच वेळ बसून राहावे लागे आणि आरंभीच्या पायऱ्यांवर त्या वेळी मंत्रांची पोथी सगळा पडदा व्यापून टाकी. समोरून काय येत आहे ते दिसत नसे. सोबत्याने सांगितले तरच कळे. या रिकाम्या, आंधळ्या वेळातच माणसे एकमेकांशी बोलत. खेळात बाजारपेठेची सोय नव्हती, म्हणून खेळाडूंनी एका बोगद्यात जमून ओरडून खरेदी-विक्री करण्याचा प्रघात पाडला. तो कोणीही योजलेला नव्हता. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने खेळात अधिकृत बाजार आणला आणि बोगदा ओस पडला. 'प्रोजेक्ट १९९९'ने त्यापूर्वीच काळ थांबवला आणि बोगद्यात पुन्हा गर्दी झाली. चाहत्यांनी केवळ गैरसोय पुनर्स्थापित केली होती. बाजार माणसांनी पुन्हा भरवला. पद्य नेमके बसले की गद्य आपोआप सुचते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे. 'नोस्टॅल्रियस' हा चाहत्यांचा सर्व्हर फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला व कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर १० एप्रिल २०१६ रोजी बंद झाला. त्यानंतर दोन लाखांहून अधिक लोकांनी मागणीपत्रावर सह्या केल्या, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच जुने रूप 'क्लासिक' या नावाने आणले. येथे पद्य मोठ्या निगुतीने परत आले. परंतु मूळ खेळात रॅग्नारोस या राक्षसाचा पाडाव होण्यास सुमारे पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये एक आठवडाही लागला नाही. सर्व वाटा ठाऊक असलेले खेळाडू वेळापत्रक हाती घेऊन आले होते.

खेळ आधीच ठाऊक असल्यामुळे त्यातील गोडी गेली, असे स्पष्टीकरण यावर दिले जाते. ते पटत नाही. १८४३ च्या प्रेक्षकालाही धनुष्य कोण मोडणार हे माहीत होते, आणि 'शारदा' पाहायला पुनःपुन्हा जाणाऱ्यालाही शेवट माहीत असतो. रसभंग ज्ञानाने होत नाही. तो घाईने होतो. शेवट गाठणे हेच खेळाचे प्रयोजन मानले की वाटेतील बोलणे अडथळा ठरू लागते. हा दोष पुनर्निर्मितीचा कमी आणि ती पाहण्याच्या दृष्टीचा अधिक आहे.

तिसरे उदाहरण 'सिटी ऑफ हीरोज'चे. २००४ साली निघालेला हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद करण्यात आला. एप्रिल २०१९ मध्ये असे उघड झाले की एका लहान गटाने तो खासगी सर्व्हरवर गुप्तपणे चालू ठेवला होता. बाहेर राहिलेल्या चाहत्यांमध्ये संतापाची लाट उसळली, प्रोग्रॅम सार्वजनिक झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये 'होमकमिंग' या चाहत्यांच्या सर्व्हरला कंपनीने अधिकृत परवाना दिला. मिरजेच्या संगीतपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे घराण्यातील झाकून ठेवलेल्या चिजा आठवतील. चीज जपणारा आणि अडवून ठेवणारा अनेकदा एकच असतो. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी संगीत विद्यालयाच्या मार्गाने, तर भातखंडे यांनी स्वरलिपीबद्ध प्रकाशनाच्या मार्गाने ही कोंडी फोडली. हौशी पुनर्निर्मितीलाही हाच निकष लावला पाहिजे. जे गुप्त आहे ते जतन असेल, परंतु ते परंपरा होऊ शकत नाही.

हक्काचा प्रश्न

कंपन्यांची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. खेळ घडविण्यासाठी मोठे श्रम व भांडवल लागते, आणि काही सर्व्हरचालक देणग्यांच्या नावाखाली दुसऱ्याच्या निर्मितीवर पैसा मिळवतात. तथापि येथे कायद्याच्या मूळ रचनेतील एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क अबाधित राहतात. सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली निवर्तले. त्यांची नाटके २००९ पासून सर्वांना मुक्त आहेत. छापील संहिता तोवर टिकून राहिली म्हणून या मुक्ततेला अर्थ आहे. १९९९ साली निघालेल्या खेळाचे हक्क कोणत्याही हिशोबाने निदान २०५९ अखेरपर्यंत संपणार नाहीत, आणि तोपर्यंत त्याचा अप्रकाशित सर्व्हर शिल्लक राहील याची हमी कोणीही देत नाही. हक्क टिकेल आणि कृती नष्ट होईल, अशी ही स्थिती आहे.

आपला कायदा संगणकीय प्रोग्रॅमला साहित्यकृतीत गणतो. एका प्रोग्रॅमशी दुसरा स्वतंत्र प्रोग्रॅम जुळवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्यास कलम ५२ मध्ये मर्यादित मुभाही आहे. परंतु बंद पडलेले जग लोकांसाठी पुन्हा उघडण्याची स्पष्ट तरतूद त्यात नाही. अमेरिकेत २०१८ साली ग्रंथालये व संग्रहालये यांना अशा खेळांच्या जतनासाठी सूट मिळाली. पण सर्व्हरचा मूळ भाग संस्थेच्या हाती कायदेशीररीत्या आलेला असला पाहिजे, अशी अट राहिली. जो भाग कंपनी देत नाही, तो संस्थेकडे येणार कोठून? युरोपात खेळ बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवावा या मागणीच्या नागरिक-उपक्रमाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्यामागे हाच प्रश्न आहे.

निष्कर्ष

१) चाहत्यांनी केलेली पुनर्निर्मिती ही मूळ कृतीची प्रत नसून तिचा प्रयोग आहे. मराठीत 'हौशी' हा शब्द आपण रंगभूमीच्या एका सन्मान्य शाखेसाठी वापरतो. तोच येथे यथार्थ ठरतो. मात्र हौशी प्रयोगाला लागणारी शिस्त आणि मूळ कर्त्याचा नामनिर्देश यांपासून त्याची सुटका नाही.

२) तिचे मूल्य मूळ चित्रांशी असलेल्या साम्यावर अवलंबून नाही. माणसांनी पुन्हा एकमेकांवर विसंबून राहावे, अशी परिस्थिती ती निर्माण करते की नाही, यावर ते ठरते.

३) पद्य पुन्हा रचता येते. वीस वर्षांपूर्वी बोललेले गद्य मात्र कोणत्याही सर्व्हरवर परत येत नाही. ते केवळ खेळणाऱ्यांच्या स्मरणात उरते.

यांपैकी तिसऱ्या निष्कर्षातून आपल्यावर काही जबाबदारी येते. सायबर कॅफेत किंवा वसतिगृहाच्या खोलीत असे खेळ खेळलेली पिढी आज सातारा-सांगलीच्या गावांत व शहरांत संसार करीत आहे. तिच्यातील काही जण आपल्या महाविद्यालयांत अध्यापनही करीत असतील. मराठी, इतिहास, विधी आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, तर त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागणार नाही. भाव्यांच्या नटांना रंगमंचावर ते काय बोलत होते हे कोणी वेळेवर विचारले नाही. या वेळी विचारणे आपल्या हाती आहे.