'जर', 'तर' आणि 'अ': सेमी इंग्रजीच्या वर्गातले व्याकरण

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले आणि पुढच्या काळात सेमी इंग्रजीचे वर्ग खेडोपाडी पोहोचले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, अशी ही वाटणी. तिच्यावर बोलताना आपण बहुधा माध्यमाचा वाद घालतो. मला इथे त्याहून लहान अशा दोन गोष्टी तपासायच्या आहेत: इंग्रजीतले संकेतार्थी वाक्य आणि नकारवाचक उपसर्ग. विज्ञानाच्या पुस्तकात या दोहोंवाचून पान हलत नाही. शिकवले मात्र जातात ते इंग्रजीच्या तासाला, सूत्रे म्हणून. या फारकतीची किंमत मूल विज्ञानाच्या तासाला मोजते, असे माझे म्हणणे आहे.

हे तपासायला सोलापूरसारखे ठिकाण नाही. इथे वर्गात मराठी असली तरी घरी ती असेलच असे नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहराच्या पूर्वभागातल्या पद्मशाली विणकरांकडे तेलुगू, शिवाय दखनी. 'उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही' हे वाक्य घ्या. पाऊस उद्याचा, पण 'पडला' हे रूप भूतकाळाचे. कन्नडातल्या 'बंदरे'मध्येही भूतकाळाचेच अंग आहे. हिंदी-उर्दूत 'बारिश हुई तो'. तेलुगूत तर वेगळा 'जर' न घेता क्रियापदालाच प्रत्यय लावून काम भागते. थोडक्यात, इथल्या बहुतेक मुलांच्या कानाला भूतकाळी रूप म्हणजे खुली शक्यता.

इंग्रजीत नेमके उलटे आहे. 'इफ इट रेन्स' म्हणजे पाऊस पडेलही. 'इफ इट रेन्ड' म्हटले की बोलणाऱ्याला तो पडेलसे वाटत नाही. भूतकाळी रूपाने तिथे गोष्ट कल्पनेत ढकलली जाते. म्हणून 'इफ इट रेन्ड टुमॉरो, आय विल नॉट कम' असे लिहिणारा मुलगा निष्काळजी नसतो; त्याच्या घरच्या व्याकरणाचे ते प्रामाणिक भाषांतर असते. गुण मात्र जातात, आणि का गेले ते त्याला कोणी सांगत नाही.

व्याकरणाची पुस्तके या वाक्यांना शून्य, पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देतात. क्रमांकातून अर्थ कळत नाही. विज्ञानाच्या तासाला तोच अर्थ आपोआप उभा राहतो. 'बर्फाला उष्णता दिली तर तो वितळतो' हा नियम. 'हा तुकडा उन्हात ठेवलास तर वितळेल' हा अंदाज. 'पृथ्वीचा अक्ष कललेला नसता तर ऋतू झाले नसते' ही कल्पना. नियम, अंदाज, कल्पना ही नावे दिली, तर क्रियापदाचे रूप पाठ करावे लागत नाही.

चौथा प्रकार मात्र मराठीतून सहज हाती येत नाही. 'डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले नसते तर...' हे वाक्य सोलापूरच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. कोटणीस इथले, १९४२ साली तिकडेच वारले. मराठीत अक्षासाठी आणि कोटणीसांसाठी 'नसता–नसते' हीच जोडी चालते. इंग्रजी इथे दोन वाटा करते: अक्ष आजही कललेला आहे, म्हणून 'वेअर', कोटणीसांचे जाणे घडून संपले, म्हणून 'हॅड'. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी मांडली, की फरक दिसतो.

'अनलेस'चेही तसेच. त्याचा अर्थ 'जर नाही तर' असा सांगितला जातो आणि मूल इमानाने पुढे आणखी एक 'डोन्ट' घालते. त्याऐवजी 'अभ्यास केल्याशिवाय' हे रूप दाखवावे. 'शिवाय'च्या पोटात नकार आधीच आहे, जसा 'अनलेस'च्या पोटात. परीक्षेत वाक्याची उलटापालट करून घेणारे प्रश्न ही जोडी कधी लावून देत नाहीत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आज जुनाट वाटते. पण मराठी वाक्य इंग्रजीशेजारी ठेवण्याची तिची रीत आपण घाईने टाकली.

उपसर्गांकडे वळू. संस्कृतातला 'अन्', ग्रीकमधला 'अन्', लॅटिनमधला 'इन' आणि इंग्रजीचा 'अन' हे एकाच मुळाचे. संस्कृतात स्वरापुढे 'अन्' आणि व्यंजनापुढे 'अ': अनादर, अशक्य. ग्रीकचा नियमही तोच: अ‍ॅनिरोबिक, असिमेट्रिक. लॅटिनचा 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: इम्पॉसिबल, इललीगल, इररेग्युलर. निरक्षर, निष्फळ, निस्तेज हे शब्द वापरणाऱ्या मुलाला ही चाल परकी नाही. अधातू, असेंद्रिय, असंपृक्त हे शब्द तर विज्ञानाच्या पुस्तकातच आहेत. तरीही उपसर्गांची यादी कोरी पाठ करायला दिली जाते.

यादीने आणखी एक नुकसान होते. 'नॉन' फक्त वर्ग पाडतो, 'अन' बहुतेकदा दोष दाखवतो. मराठीत हा भेद आहे: शिक्षकेतर कर्मचारी हे 'नॉन-टीचिंग', त्यांना कोणी 'अशिक्षक' म्हणत नाही. आणि 'इन म्हणजे नाही' एवढेच शिकलेल्या मुलाने पेट्रोलच्या टँकरवरचे 'इन्फ्लेमेबल' वाचले, तर तो काय समजेल? तिथला 'इन' नकाराचा नाहीच.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा पुष्कळ झाली. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक वेगळ्या भाषेत, हे त्यांनी आधी ओळखले होते. त्या पायरीची चर्चा कमी झाली. मला ती अधिक मोलाची वाटते, आणि तिला यंत्र लागत नाही. विज्ञान आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा एकाच धड्यावर बसावे, घरच्या भाषेतले वाक्य फळ्यावर येऊ द्यावे, एवढे पुरे.

'नापास' हा आपल्या शाळेने घडवलेला शब्द: फारसी उपसर्ग, इंग्रजी मूळ, मराठी संसार. बर्फ का वितळतो हे ज्याला कळले आहे, त्याच्या माथी तो शब्द केवळ एका क्रियापदाच्या रूपामुळे बसत असेल, तर परीक्षेने त्याचे विज्ञान तपासलेलेच नाही.